बिराजदार मॅडम आणि कॉन्फिगरची फाइल

माझ्या कॉलेजसाठी सोलापुरात आम्ही दोघीच राहत होतो, मी आणि आई. आबा, माझे वडील, मेंढरं घेऊन मंगळवेढ्याच्या अंगाला, कधी त्याच्याही पलीकडे, जिथे चारा असेल तिकडे. आमच्या खोलीची मागची भिंत एका यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होती आणि दिवसभर त्या भिंतीतून खटखट यायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आई दुपारच्या डुलकीतून दचकून उठायची आणि म्हणायची, "काय झालं गं? कोण गेलं?" उजाडताना ती चार घरं सोडून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडक भाकरी करायला जायची. तिथे सहा बायका, सहा चुली आणि भाकरी थापण्याचा एकच आवाज. भाकऱ्या तव्यावरून निघाल्या की निखाऱ्याच्या धगीला उभ्या करून ठेवत, पापडासारख्या कडक होईपर्यंत. कडा मोडलेल्या भाकऱ्या विकायला जात नसत; त्या आमच्या डब्यात यायच्या. चुरा करून त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. थंडीत संध्याकाळी वाटीभर हुलग्याचं गरम माडगं प्यायचं. कॉलेजच्या त्या तीन वर्षांत मी याहून वेगळं फारसं काही खाल्लं नाही, आणि तक्रार केल्याचंही आठवत नाही.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजात कॉम्प्युटरला नाव घातलं तेव्हा आबांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "बसून करायचं काम हाय न्हवं? मग बरं हाय की." वर्गात मी मागून दुसऱ्या बाकावर बसायचे. मला प्रश्न विचारायची फार भीती वाटायची. आपण विचारलं आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असलं तर, या विचाराने तोंडच उघडत नसे. हे लिहिताना हसू येतं, कारण पुढे माझी सगळी नोकरी प्रश्न विचारण्याचीच झाली. पण ते एका बाईमुळे झालं, आणि या प्रकरणात मला तिच्याविषयीच लिहायचं आहे.

बिराजदार मॅडम आमच्या प्राध्यापक नव्हत्या. त्या लॅब असिस्टंट होत्या. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, कपाळावर विभूतीची बोटं, सुती साडी. लॅब उघडायची, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, बंद पडलेला माउस उघडून पुसायचा, ही त्यांची कामं. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलायच्या आणि आमच्याशी बोलतानाही मराठीच्या मध्येच, मुलींना लाडाने म्हणतात तसं, एखादं "यव्वा" निघून जायचं. त्यांच्या टेबलाशेजारी कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, कुठल्या तरी कचेरीने टाकून दिलेलं. त्यावर विंडोजही नव्हतं आणि आमच्या नव्या लॅबमधलं लिनक्सही नव्हतं. कुठल्याशा जुन्या कंपनीचं युनिक्स होतं. त्याला कुणी हात लावत नसे. मॅडम मात्र जेवणाच्या सुट्टीत एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने त्याचं जाडजूड पुस्तक उलटत बसायच्या. बाकीचे त्यांना पाहून हसायचे. मी हसत नसे, पण जवळही जात नसे.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला. वर्गातले बरेच जण बाजारातून तयार प्रोजेक्ट आणायचे, सीडी आणि बांधलेला अहवाल एकत्रच. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अशा दोघांना 'स्वतःचं काम नाही' असा शेरा मारून नापास केलं होतं. माझ्या मनात ते घट्ट बसलं होतं. माझं एक वर्ष गेलं म्हणजे आईचं एक वर्ष जाणार होतं: आणखी एक वर्ष त्या शेडच्या धुरात, आणखी एक वर्ष आबांपासून लांब. ती कधी तसं बोलली नाही. पण कॅलेंडरवरचं परीक्षेचं पान तिने कोपरा दुमडून ठेवलेलं मी पाहिलं होतं.

मी मेंढरांच्या नोंदीचा प्रोग्रॅम करायचं ठरवलं, सी भाषेत. प्रत्येक मेंढीचं नाव, वय, कुणाची कोण, कधी लस दिली. आबा कुणाच्या तरी मोबाइलवरून मला माहिती सांगायचे. आमच्या गल्लीतल्या मागांच्या आवाजात मी एका कानात बोट घालून ते लिहून घ्यायचे. "कानफाटी, लाल तोंडाची, दोनदा जुळं दिलं ती. लिवलं का?" "लिवलं आबा. वय?" "वय काय इचारतीस, तुझ्या दहावीच्या साली झाली की ती." त्यांना प्रत्येकीचं तोंड पाठ होतं. मला अजूनही माणसांची नावं लक्षात राहत नाहीत.

प्रोग्रॅम मी जुन्या लॅबमध्ये लिहिला. तिथे निळ्या पडद्याचं टर्बो सी होतं, ज्यावर आमची सगळी पिढी सी शिकली. सुरुवातीला पडदा पुसायचा, शेवटी एक बटण दाबेपर्यंत थांबायचं, त्यासाठी वर 'कोनिओ डॉट एच' लिहायचं. आम्हाला वाटायचं की हेच सी. पुस्तकात तसं होतं, सर तसं सांगत, आणि परीक्षेत त्या ओळी नसल्या तर मार्क जात. मग कळलं की प्रोजेक्टची परीक्षा नव्या लॅबमध्ये, लिनक्सवर आहे. मी पेन ड्राइव्ह घेऊन तिकडे गेले आणि पहिल्याच ओळीला मशीनने सांगितलं, अशी फाइल इथे नाही. त्या ओळी काढून टाकल्यावर प्रोग्रॅम कसाबसा चालला, पण मेंढरांची फाइल उघडली तर कानफाटीचं वय हजारो वर्षं. जुन्या मशीनवर एक आकडा दोन बाइटमध्ये मावायचा आणि नव्यावर चार बाइटमध्ये, त्यामुळे नवं मशीन शेजारच्या मेंढीचे बाइट हिच्यात धरून वाचत होतं. त्या दिवशी फोनवर आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग पांडवांच्या वक्ताची म्हणायची की. जप तिला."

मी दोन प्रती केल्या. एक जुन्या लॅबसाठी, एक नव्या. एकीत चूक दुरुस्त केली की दुसरीत राहायची. माझी मैत्रीण समीना म्हणाली की असं नाही करायचं, एकाच प्रोग्रॅममध्ये लिहायचं: मशीन टर्बो सीचं असेल तर हे, लिनक्स असेल तर ते. ते मला पटलं. मी आठवडाभर बसून जागोजागी तशा अटी घातल्या. दोन्हीकडे चाललं, आणि मला वाटलं की झालं.

त्या दिवशी लॅबमध्ये मॅडम आणि मी दोघीच होतो. मॅडमनी मागे उभं राहून बराच वेळ पडदा पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्या म्हाताऱ्यावर चालव बघू." म्हातारं म्हणजे ते कोपऱ्यातलं मशीन. चाललं नाही. ते टर्बो सी नव्हतं आणि लिनक्सही नव्हतं, त्यामुळे माझ्या प्रोग्रॅमला ते कोण आहे तेच कळेना. मी खाली मान घालून म्हटलं, "मग याचं नाव पण घालते मॅडम, तिसरी अट."

"आणि चौथं आलं तर?"

मी मनातल्या मनात अटी मोजायला लागले.

"मायव्वा," त्या म्हणाल्या. हजेरीवर माझं नाव मायाक्का होतं, पण अशी मला कुणी कधी हाक मारली नव्हती. "तू त्याला गाव विचारतीस, आडनाव विचारतीस. तुला काय पायजे ते विचार की. पडदा पुसता येतो का तुला? आकडा केवढा मावतो तुझ्यात? ते सांगंल. ते काय खोटं बोलत नाही, यव्वा."

"पण मशीनला विचारायचं कसं?"

माझ्या आठवणीत कॉलेजात मी मोठ्याने विचारलेला तो पहिला प्रश्न. मॅडमनी खुर्ची ओढली नाही. त्या उभ्यानेच माझ्या कीबोर्डवर वाकल्या आणि तीन ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो काहीच करत नव्हता. फक्त एक गोष्ट मागत होता. "हा कंपाइल झाला, म्हणजे मशीननं समजून घेतला, तर ती गोष्ट हितं आहे. नाही झाला तर नाही. उत्तर एका फाइलीत लिहून ठेवायचं, आणि तुझा खरा प्रोग्रॅम त्या फाइलीकडं बघून चालणार. अशी पंधरा-वीस प्रश्नं एकामागून एक विचारणारी फाइल असते. तिला कॉन्फिगर म्हणतात." त्या बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. खरं सांगायचं तर मला निम्मंच कळलं होतं. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमसाठी आधी निरुपयोगी छोटे प्रोग्रॅम का लिहायचे, ते काही केल्या डोक्यात बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा विसरलेला चष्मा द्यायला मी शेडमध्ये गेले. नव्या गिरणीतून पीठ आलं होतं आणि नवीन लागलेली एक बाई विचारत होती, "मावशे, ही मंगळवेढ्याची ज्वारी हाय का बार्शीची? पाणी गरम घेऊ का गार?" आईने तिला उत्तरच दिलं नाही. मूठभर पीठ घेतलं, पाण्याचा हबका मारला, मळलं, आणि तळहाताएवढी चानकी थापून तव्यावर टाकली. कडेला चिरा पडल्या. "इरी गेलीय," आई म्हणाली, म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला होता. "आधण ठिवा. समद्या पराती गरम पान्यात मळा." चानकी तिने बाजूला टाकली. ती कुणी खाणार नव्हतं; तिचं काम झालं होतं. मी चष्मा हातात धरून तशीच उभी राहिले. आई म्हणाली, "काय गं, कालिज न्हाय का आज?"

मी पळतच लॅबवर गेले. मॅडम कुलूप काढत होत्या.

पुढचे दोन महिने मी कॉन्फिगर लिहिलं. कोनिओ आहे का? पडदा रंगवायची दुसरी सोय आहे का? नसेल तर साध्या ओळी छापायच्या, रंग नाही तर नाही. मेंढरांची फाइल बाइटमध्ये न ठेवता साध्या अक्षरांत लिहायची, म्हणजे आकडा केवढा मावतो याची भीतीच नको. हे मॅडमनी एका वाक्यात सांगितलं आणि माझ्या पंधरा दिवसांच्या अडचणी गेल्या. जुन्या लॅबमध्ये मात्र कॉन्फिगर चालेना, कारण कॉन्फिगर ज्या भाषेत लिहितात ती भाषाच तिथे नव्हती. मी रडकुंडीला आले. मॅडम म्हणाल्या, "त्याची उत्तरं तुला ठाऊक आहेत न्हवं? मग हातानं लिहून ठेव. ज्याला बोलता येत नाही त्याच्याबद्दल घरच्या माणसानं सांगायचं." तसं केलं. एक प्रत, तीन मशिनं. म्हाताऱ्यावर जेव्हा आबांच्या मेंढ्यांची यादी पहिल्यांदा नीट उमटली तेव्हा मॅडमनी यादी वाचली, वरपासून खालपर्यंत, एकेका मेंढीचं नाव ओठांत पुटपुटत. त्यांनी शाबासकी दिली नाही. "ही बांडी मेंढी कुणाची पोर?" असं विचारलं. मला ती शाबासकीच वाटली.

मला आज याचं आश्चर्य वाटतं की त्या बाईंनी एकदाही 'तुला हे माहीत नाही?' असं म्हटलं नाही. मी नंतर मोठमोठ्या पदव्यांची माणसं पाहिली, चांगलीही पाहिली. पण समोरच्याला काय येतं ते आधी शांतपणे अजमावायचं आणि तिथून पुढे सुरू करायचं, हे इतक्या सहज करणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. माझं कॉन्फिगर चालताना एकेक ओळ छापायचं: अमुक बघते, हाय. तमुक बघते, न्हाय. इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या घरच्या बोलीत. लिहिताना तसंच सुचत गेलं होतं. समीनाने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगे माया, ये हाय-न्हाय निकाल! एक्सटर्नल हँसेगा ना." मलाही एकदम लाज वाटली. मी दुपारभर बसून सगळं इंग्रजी केलं. प्रोग्रॅममध्ये मध्ये मध्ये लिहिलेल्या माझ्या टिपाही काढून टाकल्या आणि नेटवर पाहिलेल्या मोठ्या प्रोग्रॅमसारखी नीटनेटकी वाक्यं घातली. मॅडमना दाखवलं नाही.

परीक्षक पन्नाशीचे होते, चष्मा नाकावर. त्यांच्या शेजारी आमचे मार्गदर्शक सर. माझ्या आधीच्या तिघांचे प्रोजेक्ट बाजारातले निघाले होते, त्यामुळे परीक्षक वैतागलेले होते. त्यांनी माझी फाइल उघडली, खाली खाली गेले आणि थांबले.

"हे कुठून डाउनलोड केलंस?"

"नाही सर... मी लिहिलंय."

"बी.एस्सी.ची मुलं कॉन्फिगर लिहीत नाहीत. माझ्या ऑफिसात पगार घेणारी लिहीत नाहीत. खरं सांग, राग येणार नाही मला."

त्या स्वच्छ इंग्रजी ओळींकडे पाहताना मला स्वतःलाच वाटायला लागलं की हे आपलं नाही. त्यांनी माझा पेन ड्राइव्ह काढला आणि बॅगेतून स्वतःचा पांढरा लॅपटॉप काढला. तसा लॅपटॉप मी कधी पाहिलाच नव्हता; त्यावर विंडोजही नव्हतं आणि लिनक्सही नव्हतं. "चल, इथे चालवून दाखव." कॉन्फिगर चालू झालं. ओळी भराभर येत गेल्या. मग कंपाइल, आणि लाल अक्षरांत एक चूक: 'मॅलॉक डॉट एच' नावाची फाइल सापडत नाही. ती ओळही आम्ही सगळे पुस्तकातून पाठ करून लिहायचो. मला कळलेलंच नव्हतं की हेही कधी विचारायला लागेल.

"बघ," परीक्षक शांतपणे म्हणाले. "ज्यानं लिहिलंय त्याला याचं काय करायचं ते माहीत असतं." आणि त्यांनी पेनचं टोपण काढून गुणपत्रिका पुढे ओढली.

मला आईने कोपरा दुमडलेलं पान दिसलं. मी म्हटलं, "सर, एक प्रश्न वाढवू का?"

"कुठला प्रश्न?"

"मशीनला विचारायचा, सर."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. पहिल्या दोन ओळी मला पुन्हा टाइप कराव्या लागल्या. तीन ओळींचा प्रोग्रॅम, जो फक्त मॅलॉक डॉट एच मागतो. झाला तर असं, नाही झाला तर तसं. मग मुख्य प्रोग्रॅममध्ये अट: असेल तरच ती ओळ घे, नाही तर सोड, मेमरीसाठी लागणारं सगळं दुसऱ्या फाइलमध्ये असतंच. मी पुन्हा कॉन्फिगर चालवलं. वरच्या सगळ्या ओळी इंग्रजीत आल्या आणि सर्वांत शेवटची आली: मॅलॉक डॉट एच बघते, न्हाय.

परीक्षकांनी चष्मा वर केला. मग कंपाइल झालं, एकही चूक नाही, आणि त्या पांढऱ्या लॅपटॉपवर आबांची मेंढरं ओळीने उभी राहिली.

"कानफाटी, लाल तोंडाची, दोनदा जुळं," त्यांनी वाचलं. "ही कोण?"

"आमची मेंढी सर."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी मार्गदर्शक सरांकडे पाहिलं. "अहो, हे तुम्ही शिकवलंत?" आमचे सर सरळ माणूस; त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. दारात मॅडम हजेरीचा कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच मला खुणावलं, गप्प बस. त्या दोन महिन्यांत मी त्यांचं सगळं ऐकलं होतं. तेवढं एक ऐकलं नाही.

"बिराजदार मॅडमनी, सर. त्या तिथं आहेत."

परीक्षक मागे वळले. मॅडमनी कागद छातीशी धरला. "मी कुठं काय, सर. लॅब असिस्टंट आहे मी. चहा सांगायचाय..."

"चहा राहू द्या. या इकडे." त्यांनी लॅपटॉप टेबलाच्या त्या बाजूला वळवला. "मॅडम, हिच्या यादीत अजून काय विचारायचं राहिलंय, ते मला बघून सांगा. माझ्या ऑफिसात चार जातींची मशिनं आहेत आणि आम्ही चार प्रती सांभाळतोय."

परीक्षेच्या टेबलाशी असिस्टंटने बसायची आमच्या कॉलेजात पद्धत नव्हती. मॅडमनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग जवळ आल्या, उभ्यानेच वाकल्या, दोन-तीन ओळी खाली गेल्या आणि पुटपुटल्या, "यव्वा, हे असं कशाला केलंस गं..." त्यांना कुठलीशी चूक दिसली होती. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, आणि बसल्या.